सरकार बंद पडतं तेव्हा कुणाकडे बघायचं

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत 'शटडाऊन' झालं तरी टपाल येतं, म्हाताऱ्यांचं पेन्शन जमा होतं, विमानं उडतात. मग एवढा गवगवा कशाला, असं तू विचारलं आहेस. इथे आलेले आपले बरेच जण हेच म्हणतात आणि मला ते मनापासून खटकतं. दार उघडं आहे म्हणजे आत सगळं सुरळीत आहे, असं नसतं.

आधी पैशाची वाट समजून घे. इथलं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खर्चाची विधेयकं किंवा निदान तात्पुरती मुदतवाढ मंजूर केली नाही, तर वार्षिक मंजुरीवर चालणाऱ्या खात्यांचे हात बांधले जातात. मंजुरीविना खर्च करू न देणारा मूळ कायदा १८८४ चा, पण कार्यालयांना टाळं लागू लागलं ते ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८०-८१ मध्ये त्याचा कडक अर्थ लावल्यानंतर. टपाल खातं स्वतःच्या उत्पन्नावर चालतं, सोशल सिक्युरिटीला, म्हणजे त्या पेन्शनला, दरवर्षीची मंजुरी लागत नाही, म्हणून ती दोन्ही सुरू राहतात.

विमानांची गोष्ट वेगळी. तिथले नियंत्रक आणि सामान तपासणारे कर्मचारी पगाराविना कामावर येतात, कारण त्यांना 'अत्यावश्यक' ठरवलेलं असतं. घरभाडं मात्र महिन्याच्या महिन्याला द्यावंच लागतं. २५ जानेवारी २०१९ ला, बंदच्या पस्तिसाव्या दिवशी, नियंत्रक कमी पडल्यामुळे न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाकडे येणारी विमानं काही वेळ रोखावी लागली. तडजोड त्याच दिवशी झाली. २०२५ चा बंद ४३ दिवस चालला, तोवरचा सर्वांत लांब. त्यात चाळीस मोठ्या विमानतळांवरची उड्डाणंच कमी करण्याचा हुकूम निघाला.

या कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळावा, असा कायदा २०१९ मध्ये झाला. पण त्याच इमारतींत झाडलोट करणारी, कॅन्टीन चालवणारी, दारावर पहारा देणारी माणसं कंत्राटी असतात. त्यांना त्या कायद्याचं संरक्षण नाही. बुडालेली रोजंदारी बहुतेकांची बुडालीच. बंद उठला की बातम्या थांबतात आणि याच लोकांना कुणी विचारत नाही. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हे. त्या २०२५ च्या नोव्हेंबरात 'स्नॅप'चे, म्हणजे गरिबांना अन्नासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसेही अडकले. चार कोटींहून अधिक लोकांचा किराणा या मदतीवर चालतो, आणि ती द्यायची की नाही याचा वाद कोर्टात गेला होता. मुलांच्या ताटातलं अन्न वाटाघाटीत पणाला लावणं मला कुठल्याच पक्षाच्या बाजूने मान्य नाही.

आता तुझ्यापुरतं. तुला एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर नोकरी बदलायची आहे. त्यासाठीची याचिका तपासणारं खातं मुख्यतः अर्जदारांच्या फीवर चालतं, ते सुरू राहील. पण त्याआधी कंपनीला कामगार खात्याकडून 'एलसीए', म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा अर्ज, मंजूर करून घ्यावा लागतो आणि ते काम वार्षिक मंजुरीवर चालतं. २०१३ च्या बंदमध्ये ते थांबलं, २०२५ च्या ऑक्टोबरात जवळजवळ महिनाभर थांबलं. २०१८-१९ मध्ये मात्र सुरू होतं, कारण त्या खात्याचा पैसा आधीच मंजूर झाला होता. म्हणून 'मागच्या वेळी काही झालं नाही' या ऐकीव दिलाशावर राहू नकोस. नोकरी सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून हा अर्ज करता येतो. ऑक्टोबरात रुजू व्हायचं असेल तर ऑगस्टमध्येच कंपनीच्या वकिलाच्या मागे लाग आणि मंजुरीची प्रत हातात आल्याशिवाय जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नकोस.

आणि पुन्हा बंद झालाच, तर जवळच्या फूड बँकेला डबाबंद अन्नाऐवजी पैसे दे. घाऊक भावात त्यांना त्यात बरंच जास्त घेता येतं. सुट्टीच्या दिवशी वाटपालाही जा, तिथे हात कमी पडतात.