ट्रकच्या बाहेरच्या हेडलाइटचा उजेड वाढवायला कोणता बल्ब टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रकचे कंपनीचे हेडलाइट गेले म्हणून बाहेरचे बसवले, दिसायला चकाचक आहेत, पण रात्री रस्ताच दिसत नाही. मग त्यात जास्त वॅटचे बल्ब टाकावेत, डब्यावर '+१५०' लिहिलेले टाकावेत, की सरळ एलईडी?

बल्ब सगळ्यात शेवटी बघा. हे मी ऐकीव सांगत नाहीये, एक होल्डर वितळवून शिकलोय.

माझ्या २४ व्होल्टच्या गाडीलाही असेच बाहेरचे हेडलाइट होते, एच४ बल्बचे (एकाच बल्बात अप्पर म्हणजे लांबचा झोत आणि डिपर म्हणजे खालचा झोत, दोन्ही). डिपरवर पुढे नुसता पिवळट धुरळा पडायचा. पहिल्याच आठवड्यात मी ७५/७० वॅटचे (अप्परला ७५, डिपरला ७०) बल्ब काढून १००/९० टाकले. दोन-तीन रात्री झकास वाटलं. मग डावा डिपर लुकलुकायला लागला. बल्ब बघायला मागचं रबर ओढलं तर आधी जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. होल्डरचं पांढरं प्लॅस्टिक एका पिनेभोवती तपकिरी होऊन फुगलं होतं, आतलं टर्मिनल तिरकं झालं होतं, आणि रिफ्लेक्टरवर बल्बच्या बरोबर वर अंगठ्याच्या नखाएवढा दुधी डाग पडला होता. तो डाग पुसून जात नाही. चकाकीचा थरच उडालेला असतो.

असं का झालं? ७० चे ९० वॅट केले की करंट सव्वापटीहून जास्त होतो. पण सांध्यात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दीडपटीच्याही वर. त्यात वायर तीच बारकी, मग वाटेत वाया जाणारे व्होल्टही वाढतात. वाढीव वॅटचा बराचसा भाग रस्त्यावर न पडता वायरिंग तापवण्यातच जातो.

इलेक्ट्रिशियनने होल्डर बघितला आणि एकच विचारलं, "व्होल्ट मोजले होते का?" नव्हते मोजले. तुम्हीही मोजले नसणार, म्हणून आधी तेवढं करा. इंजिन चालू ठेवा, डिपर लावा आणि मल्टिमीटरने दोन ठिकाणी मोजा: एकदा थेट बॅटरीच्या दोन टोकांवर, एकदा बल्बच्या होल्डरमागे डिपरच्या आणि अर्थच्या पिनेवर. बल्ब होल्डरमध्ये बसलेला आणि पेटलेला हवा. बल्ब काढून नुसत्या होल्डरवर मोजलंत तर व्होल्ट पूर्ण दिसतील आणि तुम्ही फसाल, कारण करंट वाहत नसेल तर व्होल्टेज पडतच नाही.

माझे आकडे होते बॅटरीवर २७.८ आणि बल्बवर २४.६. तीनेक व्होल्टच तर कमी, असं वाटतं ना? हॅलोजनचं गणित क्रूर आहे. उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्के पडलं तर उजेड ३० टक्के जातो. माझ्या बाबतीत बल्ब जेमतेम दोन तृतीयांश उजेड देत होता आणि मी शिव्या देत होतो बल्बला. १२ व्होल्टच्या गाडीत तर हे आणखी महाग पडतं. २८ पैकी दीड व्होल्ट गेला तर ५ टक्के, साडेतेरापैकी दीड गेला तर ११ टक्के.

आता ते व्होल्ट गळतात कुठे ते शोधायचं. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी बल्बच्या अर्थच्या पिनेला लावा. दिवा पेटलेला असताना तिथे जवळपास शून्य दिसायला हवं. मला १.१ व्होल्ट दिसला. बाहेरच्या हेडलाइटची बारीक काळी वायर कोणीतरी रंगावरच बोल्टने आवळली होती. रंग खरवडून, उघडा पत्रा काढून, वायरच्या टोकाला नवीन लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून परत आवळलं. खर्च जवळपास नाहीच. उरलेले दोन व्होल्ट स्विच, फ्यूजबॉक्स आणि चार-पाच सांध्यांमधून जाताना खाल्ले जात होते. त्यावर इलाज रिलेचा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचा. बॅटरीपासून थेट जाड वायर आणायची (२.५ चौरस मिलिमीटर पुरते), बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा, ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला द्यायची, ८७ वरून बल्बला न्यायची. जुनी हेडलाइटची वायर फक्त ८६ ला, आणि ८५ अर्थला. म्हणजे स्विचवाटे आता फक्त रिले ओढायचा चिमूटभर करंट जातो, बल्बचा करंट स्विचमधून जातच नाही. डिपरला एक रिले, अप्परला दुसरा. रिलेच्या आतल्या कॉइलचे व्होल्ट गाडीप्रमाणे घ्या. १२ चा रिले २४ च्या गाडीत तापून जळतो. बॅटरीजवळचा फ्यूज मात्र विसरू नका. फ्यूज नसलेली जाड वायर कुठे पत्र्याला घासली तर गाडी पेटते.

एवढं झाल्यावर बल्बवर २७.३ आले. बल्ब तेच जुने ७५/७०. भिंतीवरचा उजेड बघून मी बल्बच्या डब्यावर वॅट परत वाचले, चुकून दुसरे लागले की काय म्हणून.

पण व्होल्ट पूर्ण पोचूनही रस्ता दिसत नसेल तर दोष हेडलाइटच्या घराचा, म्हणजे रिफ्लेक्टर आणि काचेच्या डब्याचा आहे, आणि बाहेरच्या मालात हा फार आढळतो. सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा आणि डिपर लावा. वरची कड स्पष्ट, आडवी कापल्यासारखी दिसली पाहिजे आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला ती थोडी वर चढलेली किंवा पायरीसारखी दिसली पाहिजे. कडच नसेल, नुसता ढगासारखा उजेड पसरला असेल, किंवा भिंतीवर पट्टे आणि काळे डाग असतील, तर रिफ्लेक्टरचा आकारच नीट नाही. त्यात जगातला कुठलाही बल्ब टाका, तो ढगच जास्त लख्ख होईल. एकदा बल्बही काढून बसवून बघा. एच४ ला तीन कान असतात, त्यातला रुंद कान वर. स्वस्त घरात ती खाच ढिली असते, बल्ब किंचित तिरका बसतो, आणि फिलामेंट जागेवरून मिलिमीटरभर हललं तरी आख्खा झोत बिघडतो.

काचेवरचे शिक्केही वाचा. वर्तुळात 'ई' आणि एक आकडा असेल तर त्या आकड्याच्या देशाने तो दिवा तपासून मंजूर केलाय: १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. अर्थात शिक्का नक्कलही होतो. नुसतं 'डॉट' (अमेरिकेचा शिक्का) लिहिलेलं असेल तर ती बनवणाऱ्याची स्वतःचीच हमी असते, सरकारी तपासणीचा शिक्का नव्हे. बाणही बघा. समोर उभं राहून दिव्याकडे पाहिलं की उजवीकडे जाणारा बाण म्हणजे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचा दिवा. बाणच नसेल तर उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. दोन्हीकडे टोक असेल तर दोन्हीचा. चुकीच्या बाजूचा दिवा लागला असेल तर वर चढणारा झोत नेमका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो आणि तुमची कड अंधारात राहते. ऑनलाइन मागवलेल्या मालात हे सर्रास होतं.

घर चांगलं आणि व्होल्ट पूर्ण, मग बल्बची चर्चा करू. '+१३०', '+१५०' हा टक्क्यांतला आकडा एकूण उजेडाचा नसतो. रस्त्यावरच्या ठराविक ठिकाणी, नियमातल्या किमान मर्यादेच्या तुलनेत तो मोजलेला असतो. एकूण उजेड नियमानेच बांधलेला आहे. १२ व्होल्टच्या एच४ ला अप्परवर १६५० आणि डिपरवर १००० ल्यूमेन (उजेडाचं माप), त्यात १५ टक्के इकडे-तिकडे. हे बल्ब फिलामेंट आखूड, जास्त तापणारं आणि नेमक्या जागी बसवून उजेड लांब फेकतात. चांगल्या रिफ्लेक्टरमध्ये फरक खरोखर जाणवतो. आयुष्य मात्र कमी. २४ व्होल्टमध्ये आणखी एक अडचण आहे: फिलामेंट लांब आणि बारीक असतं, त्यामुळे ते हादऱ्याने लवकर तुटतं आणि दर वॅटला उजेडही थोडा कमीच देतं. एच७ मध्ये (एकाच फिलामेंटचा बल्ब) १२ व्होल्टचा ५५ वॅटचा बल्ब १५०० ल्यूमेन देतो, २४ व्होल्टचा ७० वॅटचा १७५०. म्हणून ट्रकसाठी मी 'हेवी ड्यूटी' लिहिलेला, हादरे सोसणारा, ठरलेल्या वॅटचाच बल्ब घेतो. निळसर काचेचे घेऊ नका. निळा थर उजेड गाळतो, वाढवत नाही.

एलईडीबद्दल माझं मत कडक आहे. हॅलोजनच्या घरात एलईडी बल्ब टाकू नका. रिफ्लेक्टर एका बारीक तारेभोवती आखलेला असतो, आणि ती तार सगळीकडे सारखी चमकते. एलईडीच्या चिप एका पट्टीच्या दोन बाजूंना असतात, मध्ये पट्टीची जाडी. त्यामुळे झोताचा लांबचा भाग पातळ होतो आणि जवळचा रस्ता पांढराशुभ्र. चालवणाऱ्याला वाटतं, वा, काय उजेड आहे. पण जवळचा लख्ख रस्ता बघून बाहुली आकसते आणि लांबचं आधीपेक्षा कमी दिसतं. समोरच्याचे डोळे दिपतात ते वेगळंच, आणि ट्रकचे दिवे आधीच उंच. काही देशांत ठराविक गाड्यांसाठी ठराविक एलईडी बल्ब मंजूर आहेत. तुमच्या बाहेरच्या हेडलाइटचं नाव त्या यादीत असण्याची आशा धरू नका. एचआयडी (फिलामेंटऐवजी गॅसमधल्या ठिणगीवर पेटणाऱ्या) किटचंही तेच. एलईडीच हवी असेल तर एलईडीसाठीच बनवलेला, मंजुरीचा शिक्का असलेला पूर्ण दिवा घ्या.

सगळं झालं की दिव्यांची उंची लावा. बहुतेक दिव्यांवर किंवा जवळच्या पट्टीवर टक्का लिहिलेला असतो. १ टक्का म्हणजे १० मीटरवर कड दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली. टायरची हवा आधी बघा. आणि माल भरल्यावर मागची बाजू बसते, नाक वर येतं, तेव्हा झोत परत तपासा. केबिनमध्ये लेव्हलचं चाक असेल तर ते त्याचसाठी आहे, आपण कोणीच वापरत नाही.

बल्ब नेहमी जोडीने बदला, काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेल्या जागी काच जास्त तापून फुटते. रिले टाकल्यावर एक गोष्ट मात्र होणार: व्होल्टेज ५ टक्के वाढलं की हॅलोजनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, म्हणजे आधी अर्धपोटी का होईना वर्षानुवर्षं टिकणारे बल्ब आता लवकर जातील. काढलेले चालू बल्ब फेकू नका, कापडात गुंडाळून डब्यात घालून केबिनमध्ये ठेवा. माझा पहिला नवा बल्ब रिलेनंतर सातव्या महिन्यात गेला, पावसात, आणि डब्यातला जुना ७५/७० तेव्हा कामाला आला.