ठिगळ, रफू, दंड आणि पोराचा फाटका गुडघा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. पोरगं दुसरीत, शाळेच्या पँटचा गुडघा गेला. सासूबाई म्हणाल्या ठिगळ लाव, दुकानातला म्हणाला इथं रफू बसत नाही, पॅच मारून देतो, आणि गावाकडनं आलेल्या आज्जी म्हणाल्या "दंड घाल की गं, त्यात काय एवढं". तर हे सगळं एकच का, ठिगळ म्हणायला जरा कसंतरीच वाटतं तर पॅच म्हटलेलं चालेल का, आणि जाता जाता, धाकटीच्या लेगिंगला भोक पडलंय त्याला जे करतात त्याला शब्द काय.

एकच नाहीत. आपल्या भाषेत दुरुस्तीचा शब्द दुखण्यावरनं ठरतो, त्यामुळं आधी कापडाला झालंय काय ते बघायचं. हल्ली आपण सगळ्यालाच 'फाटलं' म्हणून मोकळे होतो, पण जिच्या हातात सुई असते ती तसं म्हणत नाही. शिवण सुटली तर कापड उसवलं, त्यात कापडाला काही झालेलं नसतं, फक्त दोरा तुटलेला असतो, एक टीप मारली की काम झालं. खिळ्याला, काट्याला नाहीतर बाकाच्या पत्र्याला अडकून टर्रकन गेलं तर तो खोंबारा, यात आजूबाजूचं कापड धड असतं. आणि वापरून वापरून, धुऊन धुऊन धागेच बारीक झाले, उजेडासमोर धरलं की पलीकडचं दिसायला लागलं, तर ते विरलं. ढग विरतो, आवाज विरतो, तेच हे विरणं, म्हणजे वस्तू एकदम तुटत नाही, हळूहळू नाहीशी होते. कापडाचं विरणं भोक पडायच्या आधीपासनं चालू असतं म्हणून आईला ते आधी दिसतं आणि पोराला भोक पडल्यावरच.

आता पोरांचे गुडघे खोंबाऱ्यानं क्वचित जातात. ते विरतात. रांगतंय तोवर गुडघे, बाकावर बसायला लागलं की बूड, आणि मधल्या सुट्टीत फरशीवर घसरगुंडी करणारी जात असेल तर दोन्ही एकदम. तुमच्या ह्या पँटचं तेच झालं असणार, आणि म्हणून दुकानातला रफूला नाही म्हणाला. तो काही काम टाळत नव्हता.

कारण रफू म्हणजे भोकावर काहीतरी चिकटवणं नव्हे, रफू म्हणजे गेलेलं कापड तेवढ्यापुरतं परत विणणं. महाद्वार रोडच्या आतल्या एका गल्लीत रफूवाला बसतो, त्याचं काम एकदा उभं राहून बघा. पँट हातात आली की तो भोकाकडं बघायच्या आधी ती उलटी करतो आणि मोहरीची, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची, दुमड उसवतो, तिथलं कापड उन्हात विटलेलं नसतं, आतल्या बाजूचे चारसहा धागे तो ओढून काढतो, म्हणजे रंगही जुळला आणि जातही. मग भोकाच्या दोन्ही बाजूंच्या धड कापडात लांबवर सुई घालून आधी सगळे उभे धागे भरतो आणि मग आडवा धागा एकावरनं एकाखालनं काढत परत येतो, ताणा आणि बाणा, मागावर होतं तेच फक्त सुईनं आणि बोटाएवढ्या जागेत. चांगला रफू हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. पण ही सगळी करामत आजूबाजूच्या धड कापडाच्या जिवावर. विरलेल्या गुडघ्यात सुईला धरायलाच काही नसतं, धागा ताणला की भोक आणखी मोठं. म्हणजे खोंबाऱ्याला रफू आणि विरलेल्याला ठिगळ, एवढं लक्षात ठेवलं की तुमच्या घरातलं निम्मं भांडण मिटलं.

रफू हा शब्द अरबी, आपल्याकडं फारसीतनं आला, आणि रफूगार मधला गार तर सरळ फारसीच, कारागीर मधल्या गीरचाच भाऊबंद. मग त्याच्या आधी आपले लोक फाटकं घालून फिरत होते का? तर नाही, तुणणं हा आपला शब्द होताच, जुन्या कोशात सापडतो, अर्थ अगदी रफू करण्याचाच. संस्कृतात शिंप्याला तुन्नवाय म्हणायचे, अमरकोशात "तुन्नवायस्तु सौचिकः" असं दिलंय, तुणणं त्याच घरातलं. माझ्या आत्तीच्या तोंडात शेवटपर्यंत तुणणं होतं, "आण हिकडं, तुणून देतो" म्हणायची (हो, देतो, देते नव्हे, आमच्या कोल्हापुरी बायका अशाच बोलतात, त्यावर परत कधीतरी). आता मात्र हा शब्द गेल्यातच जमा आहे, दुकानात जाऊन तुणून द्या म्हटलं तर तो तुमच्याकडं बघत बसेल. वाईट वाटतं पण रफू काही परका राहिलेला नाही, कधी आला कुणाला आठवत नाही आणि रफूचक्कर झालाय असंही नाही.

ठिगळ. हा माझा आवडता, त्यामुळं इथं जरा लांबण लागणार. गुजरातीत थीगडुं, हिंदीत थिगली, आणि मागं प्राकृतात थिग्गल. गंमत म्हणजे हे थिग्गल नुसतं कापडाचं नाही. दशवैकालिक नावाचं जैन साधूंच्या आचारधर्माचं जुनं अर्धमागधी सूत्र आहे, त्यात भिक्षेला गेलेल्या साधूनं घरातल्या कुठकुठल्या जागांकडं टक लावून बघू नये याची यादी आहे, झरोका, थिग्गल, दार वगैरे, उगाच चोर समजतील म्हणून. आणि तिथं थिग्गल म्हणजे भिंतीतलं बुजवलेलं भगदाड किंवा बुजवलेलं दार. म्हणजे पडलेल्या भिंतीला लावलेला तुकडा आणि पँटला लावलेला तुकडा यांचं नाव एकच. जुन्या वाड्याच्या भिंतीत चिणलेली खिडकी बघितली असेल तर पटेल, रंग कितीही द्या, ती चौकट दिसत राहतेच. (अर्धमागधीचं नाव निघालंच तर, डॉ. आ. ने. उपाध्ये आपल्या राजाराम कॉलेजातच ती शिकवायचे, प्राकृताच्या अभ्यासकांमध्ये देशाबाहेरही त्यांचं नाव होतं, आणि कॉलेजवरनं रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे देव जाणे.)

आता कमीपणाचं. ताई, तुमचं खोटं नाही, ठिगळ शब्दाला गरिबीचा वास आहेच. आमच्या वर्गात बुडावर दोन गोल ठिगळं असलेल्या चड्डीला चष्मा म्हणायचे आणि ज्याची चड्डी त्याला आठवडाभर तेच नाव. शिवाय ठिगळ शब्द आपण बोलताना वापरतो तो बहुतेक नावं ठेवायलाच, रस्त्याला ठिगळं, कायद्याला ठिगळं, गोष्टीत मध्येच जोडलेलं प्रकरण ठिगळासारखं दिसतं, आणि आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावायचं ही म्हण तर हात टेकल्याचीच. पण दुसरी बाजूपण आहे, गाडगेबाबा चिंध्या जोडून केलेलं वस्त्र अंगावर घेऊन आयुष्यभर फिरले, लोक त्यांना गोधडेबाबा, चिंधेबाबा म्हणायचे आणि पाया पडायचे. त्यामुळं शब्दात दोष नाही, तो म्हणणाऱ्याच्या सुरात असतो.

पॅच चालेल का? चालेल की. पण पॅच हा ठिगळाचा नुसता इंग्रजी अवतार राहिलेला नाही, मराठीत येऊन त्यानं आपली वेगळी जागा धरलीय. मुद्दाम लावलेला, दिसावा म्हणून लावलेला, सशाचा नाहीतर फुलाचा नाहीतर गाडीचा, तो पॅच. लपवायचं म्हणून लावलेलं ते ठिगळ. रेडिमेड जीन्सला नवीन असतानाच गुडघ्यावर लावून येतं त्याला कुणी ठिगळ म्हणणार नाही, आणि म्हटलं तर पोरगी रुसेल. कॉम्प्युटरवाले पण पॅचच म्हणतात, सिस्टीमला ठिगळ लावलं असं अजून ऐकलं नाही, खरं तर फार चपखल बसलं असतं. क्रियापदं पण वाटून घेतलीत बघा, ठिगळ लावतात किंवा जोडतात, पॅच मारतात. टेलरच्या दुकानात सगळंच मारायचं असतं, टीप मारा, हेम मारा, पॅच मारा, आणि आमच्याकडचा जरा रंगात असेल तर "दोन टिपा हाणतो आणि देतो" पण म्हणेल. तर शाळेच्या पँटला त्याच रंगाचा तुकडा आतनं बसवणार असाल तर ते ठिगळ, वरनं डायनॉसोर बसवणार असाल तर पॅच, आणि दुसरीतल्या पोराला काय आवडेल ते मी सांगायला नको.

दंडाचं काय ते आता. दंड पँटला घालत नाहीत, आज्जींनी सवयीनं म्हटलं असणार. दंड लुगड्याचा आणि धोतराचा. लुगडं नेसून नेसून मधल्या पट्ट्यातच विरतं, काठ आणि पदर धडच असतात, मग विरलेला भाग कापून काढायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे एकमेकांना जोडून शिवायचे, ती आरपार शिवण म्हणजे दंड. म्हणून दंडाचं लुगडं. ठिगळात बाहेरचं कापड आणून लावतात, दंडात बाहेरचं काही नसतं, वाईट काढून चांगलं चांगल्याला जोडायचं. त्याच्याही पुढं लुगडं गेलं की धडपी, म्हणजे त्यातला उरलेला धड तुकडा, मग पोरांची बाळुती, दुपटी, आणि शेवटी वाकळ. नव्या जिवाला जुनंच कापड लागतं, कारण नवं टोचतं, तेव्हा विरलेलं म्हणजे टाकाऊ असं पहिल्या वर्षात तरी कोण म्हणणार.

आणखी एक शब्द, तुम्ही विचारला नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. माया. शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात ती माया, पोरांच्या कपड्यात जरा जास्तच ठेवतात, टेलरला सांगतो ना आपण "वाढत्या अंगाचं शिवा, माया ठेवा". पोर उंच झालं की मोहरी सोडायची, अंगानं भरलं की बगलेतली माया सोडायची. रफूवाल्याला धागा मिळतो तोही तिथनंच. रेडिमेड कपड्यात बऱ्याचदा ही माया ठेवतच नाहीत, पाव इंच सोडून ओव्हरलॉक मारलेलं असतं, मग ना कपडा वाढवता येतो ना रफूला धागा निघतो, आणि घरात ठिगळ हा शब्द नको म्हणणाऱ्यांना कपडाच टाकून द्यावा लागतो.

राहिलं लेगिंग. ते विणलेलं असलं तरी मागावरचं नव्हे, होजिअरी, स्वेटरसारखे एकात एक फास, त्यामुळं तिथं ताणा नाही बाणा नाही आणि खरा रफू होत नाही. दुकानावरच्या पाटीवर 'सर्व प्रकारचे रफू' लिहिलेलं असतं त्यात हे धरू नका. बारीक भोक असेल तर सुटलेले फास दोऱ्यात ओवून आतनं टाचून टाकायचे, त्याला वेगळा शब्द शोधू नका, टाका घातला म्हणा, पुरे. मोठं असेल तर आतनं होजिअरीच्याच तुकड्याचं ठिगळ, जुना बनियन चालतो, आणि टीप झिगझॅग, कारण सरळ टीप कापडाबरोबर ताणत नाही, पोरगी मांडी घालून बसली की तुटली. पँटच्या ठिगळाला नवीन सुती कापड आणणार असाल तर तेवढं आधी एकदा धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं, गुडघ्याला चुण्या पडतात, आणि मग सासूबाई, आज्जी आणि दुकानातला, तिघंही म्हणणार आम्ही सांगत होतो.