लुकलुकणारा पिवळा समजून घे, मग यूकेची बॅग भर

तू विचारलंयस की ऐरोलीच्या ऑफिसात चार वर्षं सिग्नलिंग डिझाइन करतोयस, आता यूकेच्या इंटरव्ह्यूसाठी काय वाचू आणि ते लोक फ्लॅशिंग यलोच्या, म्हणजे लुकलुकणाऱ्या पिवळ्या सिग्नलच्या, एवढे मागे का लागतात. बाकीचं नंतर, आधी हेच घे, कारण मी स्वतः इथेच आपटलेलो.

मी कोपरीचा, डर्बीत येऊन नऊ वर्षं झाली. पहिल्या इंटरव्ह्यूत विचारलं, फ्लॅशर रिले, म्हणजे दिवा लुकलुकवणारा स्विच, बंद पडला तर ड्रायव्हरला काय दिसेल? मी छातीठोकपणे सांगितलं, लाल. समोरचा नुसता हसला. आपल्या डोक्यात लुकलुकणारा दिवा म्हणजे धोका असंच बसलेलं असतं ना, इंजिनाचा पिवळा फ्लॅशर लागला की समोरून येणाऱ्याने गाडी उभी करायची. इथे सिग्नलचं उलटं आहे, साधा पिवळा म्हणजे पुढचा लाल असेल, थांबायची तयारी ठेव, आणि फ्लॅशिंग पिवळा हा त्यापेक्षा सैल. का, तर फ्लॅशर मेला की दिवा नुसता पेटून राहतो, मग ड्रायव्हरला जास्त कडक अॅस्पेक्ट (सिग्नलचा इशारा) दिसतो, तो ब्रेक मारतो, थोडा लेट होईल पण जीव सुरक्षित. कॅनडातही तसंच बघ, फ्लॅशिंग पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल साधा पिवळा, म्हणजे आपल्या डबल यलोचं (एकदम दोन पिवळे दिवे) काम.

आता हे लागतं कशाला. आपल्याकडे गाडी लूपला (बाजूच्या लायनीवर) घ्यायची तर होमला, म्हणजे स्टेशनात शिरायच्या सिग्नलला, पिवळा आणि वर रूटचे पांढरे दिवे, त्याच्या मागच्या डिस्टंटला, म्हणजे आगाऊ सूचना देणाऱ्या सिग्नलला, डबल यलो. म्हणजे आपला डबल यलो पुढे थांबायची वेळ येईल हेही सांगतो आणि पुढे वळायचंय हेही, नक्की काय ते मोटरमनने ओळखायचं. इथे डबल यलो फक्त थांबण्याचं सांगतो. वळणाचा स्पीड कमी असला तर जंक्शनचा सिग्नल लालवरच धरून ठेवतात आणि गाडी जवळ आली की सोडतात, पण फाट्यावरून गाडी जोरात वळू शकत असेल तर उगाच कशाला लाल दाखवायचा? म्हणून आधी फ्लॅशिंग डबल यलो, मग फ्लॅशिंग सिंगल, मग जंक्शनला साधा पिवळा आणि वर वळणाची दिशा दाखवणारी पाच पांढऱ्या दिव्यांची रांग, तिला इथे फेदर म्हणतात. दोन सिग्नल आधीच ड्रायव्हरला कळतं की आपण वळणार.

पण याची एक खोच आहे. सप्टेंबर 1986 मध्ये इंग्लंडमधल्या कोलविचला ड्रायव्हरने फ्लॅशिंग पिवळे बघितले आणि धरून चालला की जंक्शनपलीकडेही रस्ता मोकळाय, पुढचा सिग्नल होता लाल. दोन एक्स्प्रेस धडकल्या, एक ड्रायव्हर गेला. फ्लॅशिंगचं वचन फक्त जंक्शन सिग्नलपर्यंत, त्यापुढचं काही नाही. हे वाक्य इंटरव्ह्यूत तुझ्या तोंडून आलं तर अर्धं काम झालं समज. (फ्लॅशिंग हिरवाही आहे बरं का, पीटरबरोजवळ ताशी 140 मैलांच्या ट्रायलसाठी लावलेला, गंमत म्हणून लक्षात ठेव.)

बाकी थोडक्यात. आयआरएसईची (रेल्वे सिग्नल इंजिनिअरांची संस्था) परीक्षा तिथूनच सुरू कर, इथे आल्यावर वेळ मिळत नाही. अंतरं अजून मैल आणि चेनमध्ये असतात, 80 चेनचा मैल, पहिले दोन महिने डोकं फिरतं. ईटीसीएस, म्हणजे ड्रायव्हरच्या कॅबमध्येच सिग्नल दाखवणारी युरोपची यंत्रणा, वाच, वेल्सच्या केंब्रियन लाइनवर ते 2011 पासून चालू आहे. आपला मेगाब्लॉक म्हणजे इथलं पझेशन, तेही वीकेंडला आणि बहुतेक रात्रीचंच, त्यामुळे जाड मोजे घेऊन ये, मी ठाण्याहून पातळ सुती आणले होते आणि जानेवारीत लायनीवर सकाळी चार वाजता पायाची बोटं कुठे आहेत तेच कळेना.

आणि हो, नुसतं वाचू नकोस. दिवा जंक्शनचा लेआउट घे, फास्ट लायनीवरून स्लोला जाणारा एखादा क्रॉसओव्हर (दोन रुळांना जोडणारा फाटा) जोरात वळणारा आहे असं समज आणि फ्लॅशिंग धरून त्याचं कंट्रोल टेबल, म्हणजे कुठला सिग्नल कधी काय दाखवेल त्याच्या अटींचा तक्ता, लिही. पाठव, रविवारी पझेशन नसेल तर बघतो.