डोनेगलचे फिडल स्कॉटिश का वाटते?

आयर्लंडच्या वायव्य टोकाला असलेल्या डोनेगलचे फिडल (लोकसंगीतातले व्हायोलिन) इतर आयरिश शैलींहून वेगळे, काहीसे स्कॉटिश का वाटते, या प्रश्नाचे मुख्य उत्तर स्थलांतरात आहे. तेथील माणसे पिढ्यानपिढ्या हंगामी मजुरीसाठी, विशेषतः बटाट्याच्या काढणीला, स्कॉटलंडला जात आणि परतताना तिकडच्या चाली घेऊन येत; पुढे जेम्स स्कॉट स्किनर (१८४३–१९२७) या स्कॉटिश वादकाच्या ध्वनिमुद्रिकांनीही त्यात भर घातली.

हा प्रभाव सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो गजात. आयर्लंडमधल्याच स्लायगो परगण्याकडचे वादक एकाच गजात अनेक स्वर बांधतात आणि बरेचसे अलंकरण डाव्या हाताच्या बोटांनी करतात. डोनेगलचा वादक मात्र बहुधा प्रत्येक स्वराला गजाची स्वतंत्र, आखूड ओढ देतो आणि एकाच स्वरावर तीन झटपट आघात करून तो नटवतो. ‘स्ट्रॅथस्पे’ या स्कॉटिश नृत्यधुनेतील आधी ऱ्हस्व, मग दीर्घ स्वराचा झटका येथील ‘हायलँड’ या नृत्यप्रकारात काहीसा मवाळ होऊन उतरला आहे.

तरीही याला नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्यासाठी जॉन डोहर्टी (निधन १९८०) आवर्जून ऐकावेत; गावोगाव फिरून पत्र्याची भांडी घडवणारा हा कलावंत फिडलवर बॅगपाइप्सचा नाद उमटवीत असे.