मुलींना नको, संस्थेला भेट

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल वाचला. परदेशात जातेच आहेस, तर तिथल्या अनाथ मुलींच्या संस्थेत एक दुपार घालवायची, खाऊ-खेळणी न्यायची, असा तुझा बेत. जरूर जा, पण मुलींना भेटायला म्हणून जाऊ नकोस.

कंबोडिया आणि नेपाळमध्ये काय झालं ते ऐक. पर्यटक येतात, मुलं पाहून हळहळतात, पाकीट उघडतात. मग पाकिटं उघडावीत म्हणून मुलं लागतात. नेपाळमध्ये हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी 'शिकवतो' म्हणून मुलं काठमांडूला आणली. आईबाप जिवंत असताना कागदावर काहींना अनाथ केलं. ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणारी मुलांची ही तस्करी गुलामगिरीतच धरली. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात तिला आळा घालायला सांगितलं.

सगळ्याच संस्था अशा नसतात, हेही खरं. ओळखायची माझी साधी रीत आहे: आधी पत्र लिहून भेटीची वेळ माग. 'कधीही या, मुलींना पाहुणे फार आवडतात' असं उत्तर आलं, तर तिथे जाऊच नकोस. 'मुली शाळेत असतात तेव्हा या, ऑफिसात बसून बोलू, ओळखपत्र आणा' असं कळवणारी संस्था थोडी तुसडी वाटेल. माझा विश्वास तिच्यावर आधी बसतो.

तरीही कधी मुलींची गाठ पडलीच, तर एक दृश्य दिसू शकतं. फाटकातून आत पाऊल टाकताच पाच-सहा वर्षांची मुलगी धावत येते, बोट धरते, दोन मिनिटांत मांडीवर बसते. पाहुण्यांचे डोळे भरून येतात. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. परक्या माणसाला इतक्या चटकन बिलगणं हे बरेचदा माया न मिळाल्याचं लक्षण असतं. रोमानियाच्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, 2000 साली संशोधकांनी संस्थांमधल्या 136 लहान मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यातली काही मुलं संगोपनासाठी कुटुंबांत ठेवली. त्यांची वाढ संस्थेतच राहिलेल्यांपेक्षा चांगली झाली, आणि जितक्या लहान वयात घर मिळालं तितका फायदा जास्त दिसला. मुलांना रोज तेच माणूस लागतं गं. तू संध्याकाळी निघून जाणार. म्हणून 'पुन्हा येईन' असं चुकूनही म्हणू नकोस. फोटो तर नाहीच, पाठमोराही नाही.

ऑफिसात बसशील तेव्हा मात्र संकोच सोड. किती मुलींचे नातेवाईक हयात आहेत, त्यांचा शोध कोण घेतं, गेल्या वर्षी किती जणी घरी परतल्या, हे विचार. मुलींसोबत राहणाऱ्या बायका किती वर्षं टिकतात? रात्री मुलींजवळ कोण असतं? तक्रार करायची झाली तर मुलीने कुणाकडे जायचं? आणि अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर ती कुठे जाते? या शेवटच्या प्रश्नावर भले भले गडबडतात. माहेर नाही, हातात कौशल्य नाही, अशा मुलीला लग्नाचं किंवा नोकरीचं आमिष दाखवणारे टपलेलेच असतात. त्यामुळे वसतिगृह, शिष्यवृत्ती, पहिल्या नोकरीपर्यंत सोबत, असलं काही सांगता आलं तर काम खरं समज.

पैशांचं म्हणशील, तर खेळणी नकोत. मुलींच्या हातात रोख तर अजिबात नको. देणगी पावती घेऊन संस्थेच्या खात्यात दे, आणि 'पगारासाठी वापरा' असं लिहून दे. देणगीदारांना भिंतीवर नाव हवं असतं, पगाराला पैसे द्यायला कुणी तयार नसतं. पण सांभाळणारी बाई टिकते ती पगारावरच. पालक किंवा आजी असलेल्या मुलींना घरीच ठेवून त्यांची फी भरणारी संस्था सापडली, तर मी आधी तिलाच देईन.

संस्थेचं उत्तर आलं की मला पाठव. ऑडिटचा अहवाल मागून घे, आपण दोघी बसून वाचू. तिकीट त्यानंतर काढ.