नर्सरीतून आणलेल्या गुलाबाचे 'आईबाप' कोण, हे कसं शोधायचं? (साताऱ्यात राहतो, कुंडीवर लेबल नाही)

आधी जातीचं नाव. नाव कळल्याशिवाय वंशावळ लागत नाही, आणि नुसतं 'गुलाबी, मोठं फूल' म्हटलं तर शेकडो जाती बसतात. डोळा (हव्या त्या जातीचा कोंब) भरून कलम केलेल्या जागेच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे खालच्या मुळांकडच्या जंगली झाडाचा असतो. त्याची पानं बघून ओळख ठरवू नका. वरच्या फांदीची कळी, उमललेलं फूल, काटे, वास असं सगळं टिपून ठेवा आणि जिथून आणलं त्या सातारा-सांगलीकडच्या नर्सरीवाल्याला डोळे कुठून आणतो ते नक्की विचारा.

नाव मिळालं की संकराची नोंद शोधा. त्यात बी धरणारी आई आधी, मग संकराची '×' ही खूण आणि परागाचा बाप नंतर. 'क्वीन एलिझाबेथ' (1954) म्हणजे 'शार्लट आर्मस्ट्राँग' × 'फ्लोराडोरा'. 'डबल डिलाइट' (1977) म्हणजे 'ग्रॅनाडा' × 'गार्डन पार्टी'.

पण छापील नोंद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच गुलाब-पैदासकाराच्या 'पीस' या जातीची वंशावळ अनेक वर्षं भलतीच लांबलचक छापली जायची. नंतर 'मार्गारेट मॅकग्रेडी' आणि 'जोआना हिल' या दोघांचाच संकर अशी सुटसुटीत नोंद पुढे आली. मला तर हा तपासच गुलाब लावण्याइतका आवडतो!

'शिकागो पीस'ला मात्र आईबाप शोधू नका. 'पीस'च्याच एका फांदीवर आपोआप रंग बदलला आणि तिच्यापासून कलमं केली. 'नोंद नाही' असं लिहिलेलं दिसलं तर तेही प्रामाणिक उत्तर समजा.