वर्षभराची चित्रं, एक पुस्तक : वाचकांचे प्रश्न

स्वतःच्या चित्रांचं दर वर्षी एक छापील पुस्तक करायचं, या विषयावर आलेल्या काही पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. बहुतेकांनी विचारलं आहे छपाईबद्दल. पण पुस्तक बिघडतं ते बहुधा त्याच्या कितीतरी आधी, चित्र वाळल्यावर त्याचा फोटो काढताना. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न (सांगली) : मी जलरंगात काम करते. फोनवर काढलेल्या फोटोंचं पुस्तक छापून आणलं. चित्रं काळवंडली आहेत आणि चित्राचा पांढरा कागद एका बाजूला पिवळट, दुसऱ्या बाजूला निळसर दिसतो. ही प्रेसची चूक आहे का?

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्ही फाइल प्रेसमध्ये पोचण्यापूर्वीचे आहेत.

पिवळट-निळसर कागद म्हणजे दोन जातींचा प्रकाश एकाच वेळी चित्रावर पडला. एकीकडून खिडकीतला दिवसाचा उजेड, दुसरीकडून घरातला बल्ब. कॅमेरा दोन्हींची सरासरी काढतो, त्यामुळे एक बाजू निळी आणि एक पिवळी राहते. नंतर रंग सुधारायला गेलात तर एक बाजू सुधारते आणि दुसरी आणखी बिघडते. तेव्हा घरातले सगळे दिवे बंद करा. ढगाळ दिवशी उत्तरेच्या खिडकीशी किंवा सावलीतल्या गच्चीवर मिळणारा उजेड जलरंगाला उत्तम. थेट ऊन नको. खिडकी एकाच बाजूला असेल तर समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा, म्हणजे अंधारी बाजू उजळते. दिव्यांवर काम करायचं असेल तर एकाच जातीचे, एकाच पेटीतले, सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा, १००पैकी आकडा) ९० किंवा अधिक असलेले दोन एलईडी घ्या. ते चित्राच्या दोन बाजूंना ४५ अंशांत, सारख्या अंतरावर ठेवा. चित्राच्या मधोमध एक पेन्सिल उभी धरून पाहा. दोन्ही सावल्या सारख्या लांबीच्या आणि सारख्या गडद पडल्या, तर प्रकाश सम आहे. फोटो काढताना अंगात लाल-केशरी कपडे नकोत, त्यांचा रंग कागदावर उतरतो.

फोन चित्राला अगदी समांतर हवा, नाहीतर चौकोनाचा समलंब होतो. चित्राच्या केंद्रावर छोटा सपाट आरसा ठेवा. पडद्याच्या बरोबर मध्यभागी लेन्सचं प्रतिबिंब दिसलं की फोन समांतर झाला. मग फोन न हलवता आरसा उचला. वाइड लेन्स वापरू नका, साधी १एक्स किंवा २एक्स घ्या. फोन जवळ नेऊन चौकट भरू नका, थोडं लांबून काढा आणि कडेला जागा सोडा. दोन सेकंदांचा टायमर लावा.

आता काळवंडणं. पडदा स्वतः उजळतो, कागद मात्र समोरून आलेला उजेडच परत देतो. पूर्ण ब्राइटनेसवर फोटो नीट केला तर तो छापून अंधारा येणारच. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा, पडद्यावर रिकामं पांढरं पान उघडा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. त्यानंतर फोटो दुरुस्त करा. फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये उजळपणाचा आकडा दिसतो (० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण पांढरं); फोटोतल्या कोऱ्या कागदाचा हा आकडा २४० ते २४५च्या आसपास ठेवा. २०० ठेवलात तर छापील पान राखाडी दिसतं, २५५पर्यंत नेलात तर फिक्या वॉशच्या (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थराच्या) कडाच पुसल्या जातात. जलरंगात या कडा म्हणजेच निम्मं चित्र असतं, त्यांची काळजी घ्या.

प्रश्न (नाशिक) : पडद्यावर स्वच्छ दिसणारे फोटो छापल्यावर धूसर का येतात? फोटो मी व्हॉट्सॲपवर पाठवले होते.

उत्तर : कारण तुम्हीच लिहिलं आहे. व्हॉट्सॲप फोटो लहान करून पाठवतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलची राहते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे असा फोटो जेमतेम ५ इंच रुंद नीट छापता येतो. १२ मेगापिक्सेलचा मूळ फोटो ४००० × ३००० असतो आणि १३ × १० इंचांपर्यंत पुरतो. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून, ड्राइव्हवरून किंवा पेनड्राइव्हवर द्या. लहान झालेला फोटो सॉफ्टवेअरने मोठा करून आकडा ३०० दाखवता येतो, गेलेला तपशील मात्र परत येत नाही.

प्रश्न (कोल्हापूर) : ऑपेरा गुलाबी आणि सोनेरी रंग पुस्तकात मातकट आले. ते मूळ चित्रासारखे यावेत म्हणून काय करावं?

उत्तर : मूळ चित्रासारखे ते येणार नाहीत, हे आधीच स्वीकारलं तर मनस्ताप वाचेल. ऑपेरा गुलाबी हा फ्लुओरोसंट रंग. अतिनील किरण शोषून तो स्वतः थोडा प्रकाश बाहेर टाकतो. निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंना ते जमत नाही. चमकदार अल्ट्रामरीनही या चार शाईंत जांभळ्याकडे झुकतो. अशा वेळी सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवण्याचा मोह होतो, तो टाळा. रंग आधीच शाईच्या मर्यादेबाहेर असतो, वाढवल्यावर त्यातल्या छटा एकमेकींत मिसळून सपाट डाग उरतो. उलट सॅच्युरेशन किंचित उतरवा, छटा शाबूत राहतात.

सोनेरीचं दुखणं वेगळं. त्यातले धातूचे कण आरशासारखे एकाच दिशेने प्रकाश परतवतात. ४५ अंशांच्या दिव्यांचा प्रकाश लेन्सकडे येतच नाही, म्हणून सोनं तपकिरी दिसतं. नेहमीचा फोटो झाला की फोन न हलवता दुसरा काढा, या वेळी लेन्सच्या बाजूला मोठा पांढरा पुठ्ठा धरून. सोनेरी भाग तेवढा उजळेल. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये दोन थर एकावर एक ठेवून फक्त तो भाग दुसऱ्या फोटोतून घ्या.

प्रश्न (मडगाव) : मी रोज दारात रांगोळी काढते. ती संध्याकाळपर्यंत पुसली जाते. वर्षभराच्या रांगोळ्यांचं पुस्तक होईल का?

उत्तर : जरूर करा. चित्रकाराकडे मूळ चित्र तरी उरतं, रांगोळीचा फोटो हाच तिचा एकमेव पुरावा. म्हणून तो रोज आणि नीट निघायला हवा.

फोटो ऊन अंगणात यायच्या आत काढा. स्टुलावर उभ्या राहून फोन जमिनीला समांतर धरा. बऱ्याच फोनमध्ये ग्रिड चालू केली की वरून फोटो काढताना दोन अधिकचिन्हं दिसतात, ती एकमेकांवर आली की फोन सपाट. सारवलेली किंवा गेरूची जमीन गडद असते, त्यामुळे फोन आपोआप उजेड वाढवतो आणि पांढरी रेघ जळून जाते, रंगाचा दाणाही दिसेनासा होतो. पांढऱ्या रेघेवर बोट टेकवून एक्स्पोजर ०.७ ते १ने उतरवा. फरशी ओली असेल तर आकाशाची चकाकी येते, ती वाळू द्या.

मांडणीसाठी एक सोयीचा हिशोब. ८ × ८ इंचांच्या पानावर चार ओळींत चार, अशा १६ चौकटी बसवा. प्रत्येक चौकट सुमारे ४ सेंटिमीटरची होते. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून ३२. महिन्याचे दिवस जास्तीत जास्त ३१, म्हणजे पहिल्या चौकटीत महिन्याचं नाव घालता येतं. बारा महिन्यांची २४ पानं झाली. पुस्तक ३२ पानांचं धरलं तर उरलेल्या ८ पानांत एक शीर्षकाचं, एक शेवटचं, आणि चैत्रांगण व दिवाळीच्या मोठ्या रांगोळ्यांना पूर्ण पान. पहिलं पान उजवीकडे येतं, तेव्हा महिन्याची जोडी सम पानावर सुरू करा. ३२ पानं सेंटर पिनने बांधता येतात, कारण संख्या चारच्या पटीत आहे. ठिपक्यांच्या रांगोळीखाली '११ ते ६' अशी नोंद त्याच दिवशी वहीत करून ठेवा. चार महिन्यांनी ४ सेंटिमीटरच्या फोटोत ठिपके मोजणं फार जिकिरीचं होतं.

प्रश्न (पुणे) : ६४ पानांचं पुस्तक आहे. प्रेसने परफेक्ट बायंडिंग सुचवलं, फोटो स्टुडिओने करिझ्मा अल्बम. कोणतं घ्यावं? आकार किती ठेवावा?

उत्तर : ६४ पानांना आमचं मत तिसऱ्याच पर्यायाला आहे, शिलाईच्या बांधणीला. कारण सांगतो.

करिझ्मा अल्बम पूर्ण सपाट उघडतो, जोडपानावरचं चित्र मधे तुटत नाही. पण पानं पुठ्ठ्यासारखी जाड, त्यामुळे ६४ पानांचा अल्बम हातात धरवणार नाही. चकचकीत फोटो पेपर पावसाळ्यात एकमेकांना चिकटतो, तेही लक्षात घ्या. वीसेक निवडक मोठी चित्रं असतील तर तो छान. तेव्हा मॅट कागद मागा आणि फाइल एसआरजीबीमध्ये (पडद्याच्या रंगपद्धतीत) द्या, सीएमवायके (चार शाईंची रंगपद्धत) करू नका. फोटो पेपरवर शाईने नव्हे, प्रकाशाने छापतात.

परफेक्ट बायंडिंगमध्ये सुटी पानं गोळा करून कण्याला गरम गोंद लावतात. आर्ट पेपरवर गुळगुळीत लेप असतो, गोंद त्या लेपाला धरतो, आतल्या तंतूंपर्यंत पोचत नाही. पुस्तक दाबून उघडलं की पानं सुटतात. हीच बांधणी करायची असेल तर कणा खरवडून घ्यायला सांगा आणि पीयूआर गोंद (नेहमीच्या गरम गोंदापेक्षा घट्ट धरणारा) आहे का ते विचारा.

शिलाईला कागद तेवढाच लागतो. साडेआठ इंची चौरस पानाचं जोडपान १७ × साडेआठ इंचांचं होतं, डिजिटल प्रेसच्या १३ × १९च्या शीटवर ते बसतं. एका शीटची चार पानं. चार शीट एकात एक घातल्या की १६ पानांचा एक फर्मा, असे चार फर्मे शिवून वर पुठ्ठा. कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला १३० ग्रॅम वजनाचा) मॅट आर्ट पेपर पुरतो, १७०ने घडी फुगते. घडीवर आधी क्रीजिंग (घडीच्या जागी दाबून खाच) करून घ्या, नाहीतर गडद रंगाचा टोनर तडकतो. आकार वाढवायचा विचार असेल तर हे पाहा : साडेनऊ इंची चौरस केलात तर १९ इंचांत दोन पानं मावत नाहीत आणि शीटची संख्या दुप्पट होते. हौसेचा तो एक इंच फार महाग पडतो.

कागदाच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. ती आडवी असेल तर पावसाळ्यात पानं लाटांसारखी होतात आणि पुस्तक आपोआप मिटत राहतं. शीट दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा, ज्या दिशेने सहज गुंडाळली जाते त्या गुंडाळीचा अक्ष म्हणजे तंतूंची दिशा. वरच्या मांडणीत ती १३ इंचांच्या बाजूला समांतर असावी.

फाइलमध्ये चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापणीत जाणारा, पानाबाहेरचा जास्तीचा भाग), कडेपासून १० मिलिमीटरच्या आत मजकूर नको, कण्याकडे १५ मिलिमीटर मोकळे. सगळं छापायच्या आधी एका शीटवर चार अवघड चित्रं घेऊन त्याच कागदावर, त्याच मशीनवर नमुना काढा : सर्वांत फिकं, सर्वांत गडद, सर्वांत निळं आणि एक पेन्सिलचं. तो दिवसाच्या उजेडात पाहा. हा नमुना टाळून वाचलेले पैसे शंभरपट होऊन जातात. आणि पांढऱ्या कागदाची शिलाई-घडी करून, पानांचे आकडे हाताने लिहून एक डमी प्रेसला द्याच.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रेस दिवाळी अंकांत आणि डिसेंबरमध्ये कॅलेंडर-डायऱ्यांत गुंतलेल्या असतात. जानेवारी-फेब्रुवारीत काम द्या, नमुना पाहायला त्यांनाही सवड असते आणि हवा कोरडी असल्याने लॅमिनेशनही नीट बसतं.

प्रश्न (मेलबर्न) : फोटोबुकच्या वेबसाइटवर मराठी शीर्षकांऐवजी चौकोन येतात. काही ठिकाणी 'चित्र'चं 'चत्रि' होतं.

उत्तर : चौकोन म्हणजे त्या साइटच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, उलटसुलट वेलांटी म्हणजे अक्षरं जुळवणारी यंत्रणा तिथे नाही. साइटची मजकूर-चौकट वापरूच नका. पूर्ण पान घरी मजकुरासकट तयार करा, ब्लीड धरून ३०० पीपीआयची (इंचाला ३०० पिक्सेल) एसआरजीबी जेपेग काढा आणि ती पानभर फोटो म्हणून लावा. अक्षर ११ पॉइंटपेक्षा लहान नको.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाला 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडा, फोटोशॉपमध्येही टाइपच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी' पर्याय आहे. फुकटचं हवं तर स्क्रायबसची १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती देवनागरी नीट जुळवते. फॉन्ट 'मुक्त' (Mukta) किंवा 'टिरो देवनागरी मराठी' घ्या. काही फॉन्ट 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दाखवतात, म्हणून भाषा 'मराठी' निवडा. प्रेसला पीडीएफ देताना फॉन्ट एम्बेड करा. वर्ड किंवा कोरलची उघडी फाइल देऊ नका, त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसेल तर मजकूर पुन्हा विस्कटतो.

प्रश्न (अमरावती) : चित्रांखाली काय लिहावं? आणि आयएसबीएन लागतो का?

उत्तर : नाव, माध्यम, उंची × रुंदी सेंटिमीटरमध्ये, तारीख. उंची आधी. हे चित्र वाळल्याच दिवशी मागे पेन्सिलीने लिहा आणि फाइलच्या नावात तारीख '२०२५-०३-१४' अशी वर्षापासून घाला, म्हणजे फाइल्स आपोआप क्रमाने लागतात. पोस्टकार्डाएवढं चित्र पानभर फुगवू नका, मूळ आकारातच छापा. दर वर्षी पुस्तकाचा आकार तोच ठेवा. कणा ६ मिलिमीटरपेक्षा बारीक असेल तर त्यावर वर्ष छापू नका, अक्षरं कडेवर सरकतात.

घरच्यासाठी आणि भेट देण्यासाठी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागत नाही. विक्रीला ठेवायचं असेल तर भारतात तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. मात्र अर्ज छपाईपूर्वी करा, कारण क्रमांक मलपृष्ठावर आणि आतल्या पानावर छापावा लागतो.